इथिओपियाचा आधी भूगोल वाचू की इतिहास? सेमिनारसाठी मदत पाहिजे

अजिंक्यतारा_पायथा

नमस्कार सगळ्यांना. मी साताऱ्यात बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भूगोल घेऊन. सरांनी सेमिनारला एक विकसनशील देश निवडायला सांगितलाय, त्याचा भूगोल आणि इतिहास दोन्ही, वीस मिनिटं बोलायचंय. भारत नको म्हणाले, आणि ब्राझील दहावीला इतका झालाय की तो मीच नको म्हटलं. मी इथिओपिया घेतला कारण शाळेत मलिक अंबरचा धडा होता, त्यात एवढंच होतं की तो हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियातला होता, पण तो ज्या मुलखातून आला तो मुलूख कसला, तिथे डोंगर आहेत की वाळवंट, हे कधी कुणी सांगितलंच नाही आणि ते तेव्हापासून डोक्यात राहिलंय.

आता अडचण अशी की माझ्या दोन वह्या झाल्यात. एकीत क्षेत्रफळ, हवामान, पिकं, नद्या. दुसरीत अक्सुमचं जुनं राज्य, लालिबेला, अडवाची लढाई, बादशहा हैले सेलासी, मग १९७४ ची क्रांती. दोन्ही वह्या वाचल्या तर दोन वेगळ्या देशांच्या वाटतात, एकमेकींशी काही बोलतच नाहीत. आणि जिथे बघावं तिथे सुरुवात १९८४ च्या दुष्काळानेच. मी पण तिथूनच सुरू करू का? आधी काय वाचू? कुणी शिकवत असेल किंवा तिकडे गेलं असेल तर प्लीज सांगा.

वाईचा_मास्तर

बाळ, चांगला देश घेतलास. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला, माझं ऐकशील तर दोन्ही वह्या आठवडाभर बाजूला ठेव आणि मोठ्या कागदावर नकाशा स्वतःच्या हाताने काढ. सीमा नंतर, आधी उंची. आदिस अबाबा २३०० मीटरच्या वर आहे, आपलं महाबळेश्वर तेराशे-साडेतेराशे, म्हणजे त्यांची राजधानी महाबळेश्वरच्याही हजारभर मीटर वर बसलीय हे एकदा डोळ्यापुढे आलं की निम्मं काम झालं. आणि ते पठार आपल्यासारखंच लाव्हाचं आहे. आपला दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यांचा तीन कोटींच्या आसपास. काळी माती तिथेही आहे. फरक एवढाच की त्यांच्या पठाराला मधोमध खचदरीने चिरलंय, आणि ईशान्येला दनाकिलमध्ये जमीन समुद्रसपाटीच्या शंभर मीटर खाली जाते.

तिथला शेतकरी स्वतः जमीन उंचीने ओळखतो, हे नक्की घे. खालचा उष्ण भाग कोल्ला, मधला वोइना देगा, वरचा थंड देगा. टेफ (तिथलं बारीक धान्य) कुठे, बार्ली कुठे, कॉफी कुठे हे सगळं त्यावर. आपण नाही का कोकण, मावळ, देश म्हणतो, तसंच. आता तुझी इतिहासाची वही उघड आणि प्रत्येक घटना कुठल्या उंचीवर घडली ते नकाशावर टाक. लालिबेलाची अकरा चर्चं ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली आहेत, वरून खाली, आपलं वेरूळचं कैलास जसं कोरलं तसं. खडक तसा नसता तर ते काम झालंच नसतं. १ मार्च १८९६ ला अडवाला इटलीचं सैन्य हरलं तेही डोंगरात, त्यांच्या तुकड्या रात्रीच्या चालीत एकमेकींपासून तुटल्या. युद्धाचं कारणही सांग, १८८९ चा वुचाले करार. इटालियन प्रतीत लिहिलेलं की इथिओपियाने परदेशांशी व्यवहार इटलीमार्फतच करायचा, आणि अम्हारिक प्रतीत, वाटल्यास करता येईल. एका क्रियापदावरून. हा भाग वर्गात सांगितला की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

म्हसवडची_माती

सरांचं बरोबर आहे पण मला दुष्काळाबद्दल बोलायचंय, कारण आम्ही माणदेशातले. ताई, १९८४ ने सुरुवात करू नको. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास, एकाच जिल्ह्यात. उद्या कुणी माणचा फोटो दाखवून हाच सातारा म्हटलं तर तू ऐकून घेशील का? इथिओपियात पण तेच आहे, नैऋत्येला कॉफीचं घनदाट जंगल आणि पूर्वेला अफारचं वाळवंट.

पण दुष्काळ गाळू पण नको. उलट १९७३ चा वोल्लो प्रांताचा घे आणि त्याच्या शेजारी आपला १९७२ चा ठेव. जवळजवळ एकाच वेळचे आहेत. माझी आजी सांगायची की पार जनावरं गेली, विहिरी कोरड्या, लाल मिलो ज्वारी खाल्ली, सुकडी खाल्ली, खडी फोडायला सगळा गाव, बायका पाटी घेऊन पाझर तलावाच्या कामावर. पण हातात मजुरी पडत होती, लहान का होईना. त्यातूनच पुढे १९७७ ला रोजगार हमीचा कायदा आला. वोल्लोत काय झालं, पीक गेलं तशी लोकांच्या हातातली कमाईच गेली, बाजारात धान्य घ्यायला पैसा नाही, आणि त्याच वोल्लोतून धान्य बाहेर आदिस अबाबाकडे चाललेलं होतं. सरकारने आधी झाकून ठेवलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७४ मध्ये बादशहाला लष्कराने उतरवलं, त्याला हे एक मोठं कारण. पाऊस न पडणं हा भूगोल, पण माणसं मेली ती का हे इतिहासातच सापडतं. तुझ्या दोन वह्या इथे एकमेकींशी बोलतील बघ. मला हे वाचल्यापासून आजीची खडी वेगळीच दिसायला लागलीय.

अजिंक्यतारा_पायथा

दादा हे मी असं कधी बघितलंच नव्हतं. आमच्या घरात पण आजोबा १९७२ चं सांगतात, लिहून घेते आज त्यांच्याकडून.

कृष्णाकाठचा_पॅनमन

मी वाळवा तालुक्यातला, साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखर करायच्या भांड्यावर काम केलं, त्यातली दोन वर्षं इथिओपियात आवाश नदीच्या खोऱ्यात. आपल्याकडचे बरेच जण जातात तिकडे. ऊस बघून घरी आल्यासारखंच वाटायचं, पण पाटाचं पाणी सोडलं तर सगळं उजाड. आवाश ही नदी समुद्राला मिळतच नाही बरं का, वाळवंटात जाऊन एका खाऱ्या तळ्यात संपते. हे मला तिथे कळालं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं.

पोरी, पाण्याचा भाग सोडू नकोस. अबाय म्हणजे निळी नाईल, ताना तळ्यातून निघते, आणि इजिप्तला जे नाईलचं पाणी पोचतं त्यातलं ८५ टक्के इथिओपियाच्या डोंगरातलं, तेही जून ते सप्टेंबरच्या पावसाचं, आपल्यासारखंच. पण १९२९ चा करार इजिप्त आणि ब्रिटिशांमध्ये झाला, १९५९ चा इजिप्त-सुदानमध्ये, दोन्हीत इथिओपियाला कुणी विचारलंच नाही. १९२९ म्हणजे आमचा आयर्विन पूल सुरू झाला ते साल. पावसाळ्यात त्या पुलाखालची पातळी आणि अलमट्टीचा विसर्ग बघत आम्ही रात्र रात्र जागतो, त्यामुळे वरचा देश आणि खालचा देश यांचं भांडण काय असतं हे आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. त्यांनी २०११ ला अबायवर मोठं धरण बांधायला घेतलं, २०२५ ला उद्घाटन झालं. क्षमता ७४ अब्ज घनमीटर. कोयना आपली १०५ टीएमसी, हिशोब केलास तर जवळपास पंचवीस कोयना. पैसा बराचसा लोकांनी दिला, सरकारी नोकरांनी पगारातून बाँड घेतले. माझ्याबरोबरचा फिटर कौतुकाने तो कागद दाखवायचा.

आणि तिथे पाहुणचार मोठा. इंजेरा म्हणजे आंबवलेल्या टेफची आंबोळीच समज, दाणा राजगिऱ्यापेक्षा बारीक. एका ताटात सगळ्यांनी जेवायचं.

धावडशीकर

मास्तरांशी थोडा असहमत आहे, आदर ठेवून. डोंगरावरच सगळं टाकलं की इथिओपिया जगापासून तुटलेला वाटतो आणि तसा तो नव्हता. अदुलिस बंदरातून तांबड्या समुद्राचा व्यापार चालायचा, अक्सुमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला तो धर्मही समुद्रमार्गे आलेल्या माणसांकडूनच. देब्रे दामोच्या मठात आपल्याकडच्या कुशाण राजांची सोन्याची नाणी सापडलीत. १९९३ ला एरिट्रिया वेगळा झाला आणि एवढ्या मोठ्या देशाला समुद्रकिनाराच उरला नाही, आज जवळजवळ सगळा माल शेजारच्या जिबूतीतून येतो. म्हणून मी म्हणेन डोंगर आणि बंदर दोन्ही एकाच कागदावर काढ.

आणि ताई तू ज्याच्यामुळे सुरुवात केलीस तो मलिक अंबर कुठे गेला? साधारण १५४८ चा जन्म, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात विकत बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, त्याने वसवलं. १६२४ ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पुढे शंभर वर्षांनी जंजिऱ्याच्या सिद्दींच्या, म्हणजे हबशी वंशाच्याच सत्ताधाऱ्यांच्या जाचामुळे ब्रह्मेंद्रस्वामी कोकण सोडून आमच्या धावडशीला आले, त्यांची समाधी इथेच आहे. म्हणजे त्या पठाराची माणसं आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आधीच आहेत. तुझी वीस मिनिटं इथून सुरू कर, विकत घेतल्या गेलेल्या एका पोरापासून, मग तो ज्या डोंगरातून निघाला तिकडे वर्गाला घेऊन जा.

वाईचा_मास्तर

धावडशीकर, बंदराचं मान्य. माझ्याकडून राहिलंच ते.

अजिंक्यतारा_पायथा

सगळ्यांना मनापासून थँक्यू. ठरलं, मलिक अंबरपासून सुरुवात, मग उंचीचा नकाशा, त्यावर अडवा आणि लालिबेला, मग १९७२-७३ शेजारी शेजारी, शेवटी अबाय आणि कोयना. ड्रॉइंग शीट आणलाय. काका एकच विचारायचं होतं, एका ठिकाणी क्रांतीचं साल १९६६ दिलंय आणि बाकी सगळीकडे १९७४, चुकलंय का ते?

कृष्णाकाठचा_पॅनमन

चुकलेलं नाही. त्यांचं कॅलेंडर आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे, महिने तेरा, नवीन वर्ष ११ सप्टेंबरला. घड्याळ पण उजाडल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. सालाशेजारी कुठलं कॅलेंडर ते लिहून ठेव, आणि शीट झाला की फोटो टाक इथे.