मदत हवी आहे: बार्सिलोनात एक सत्र, गौदीच्या इमारती आणि शाकाहारी जेवण

निळी_खिडकी

नमस्कार मंडळी. सप्टेंबर ते फेब्रुवारी असं एक सत्र बार्सिलोनाला शिकायला जाणार आहे. विषय स्थापत्यच असल्यामुळे तिथला स्थापत्यकार गौदी आणि त्याच्या समकालीनांचं काम सावकाश बघायचं आहे. पण प्रत्येक इमारतीचं तिकीट परवडणार नाही. पैसे कुठे घालावेत आणि बाहेरून काय पुरतं? कोणत्या वेळी जावं? शिवाय मी मांस-मासे खात नाही, अंडं चालतं. तिथलं स्थानिक जेवण जमेल का, आणि फसगत कुठे होते?

घडीव_दगड

पहिलं तिकीट सग्रादा फमिलियाचं, म्हणजे गौदीच्या प्रसिद्ध चर्चचं, यात दुमत नको. वेळ मात्र काचा बघून ठरवा. पूर्वेकडची, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या दर्शनी भागाकडची तावदानं निळी-हिरवी आहेत, पश्चिमेकडची लाल-केशरी. सकाळी आत निळसर उजेड असतो, आणि हिवाळ्यात दुपारी तीननंतर केशरी उजेड खांबांवर चढायला लागतो. भर दुपारी दोन्ही रंग फिके पडतात. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, ते आधीच ऑनलाइन काढा. विद्यार्थी सवलत मिळते, त्यासाठी ओळखपत्र जवळ हवं. मनोऱ्याचे पैसे वेगळे पडतात आणि हवा बिघडली की मनोरे बंद ठेवतात, म्हणून पहिल्या खेपेला ते सोडून द्या.

आत गेल्यावर एकाच खांबापाशी दहा मिनिटं थांबा. तळाशी त्याचा छेद तारेसारखा टोकदार आहे. वर जाताना तो दोन्ही दिशांनी पिळत जातो, कडा वाढत जातात आणि शेवटी जवळजवळ गोल होतो. दगडही भारानुसार बदलतो: वाळूखडक, ग्रॅनाइट, बसाल्ट, आणि जिथे भार सर्वांत जास्त तिथे तांबूस पॉर्फिरी.

गौदीच्या दोन निवासी इमारतींपैकी दुसरं तिकीट मी कासा बात्ल्योपेक्षा ला पेद्रेराचं (१९०६–१९१२) काढायला सांगेन. तिथल्या माळ्यावर विटांच्या २७० कमानी आहेत. खालच्या खोल्यांची रुंदी कमी-जास्त, म्हणून कमानींची उंचीही कमी-जास्त, आणि म्हणूनच गच्ची लाटांसारखी. हे कळलं की गच्चीचा आकार नुसता हौसेचा वाटत नाही. कासा बात्ल्यो रस्त्यावरून बघा. पैसे उरलेच तर तिथला प्रकाशाचा चौक बघण्यासारखा आहे: वरच्या फरशा गडद निळ्या, खाली येताना फिकट, आणि खिडक्या खाली मोठ्या, वर लहान. असं केल्यानं सगळ्या मजल्यांना साधारण सारखा उजेड मिळतो.

पार्क ग्वेल या गौदीच्या बागेत लोकं सरड्याच्या पुतळ्याबरोबर फोटो काढतात आणि परततात. तुम्ही पाणी बघा. वरच्या पटांगणावर पडलेलं पाणी मातीतून गाळून ८६ खांबांच्या पोटातल्या नळ्यांतून खाली टाक्यात उतरतं, आणि टाकं भरलं की जास्तीचं पाणी त्याच सरड्याच्या तोंडातून बाहेर पडतं. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे शहराबाहेरची कोलोनिया ग्वेलची क्रिप्ट, म्हणजे चर्चखालचं तळघरातलं प्रार्थनास्थळ. शहरातल्या प्लासा एस्पान्या चौकातून एफजीसी या रेल्वे कंपनीची लोकल थेट तिथे जाते. दोऱ्यांना छोट्या पिशव्या टांगून गौदीनं कमानींचे आकार काढले ते याच कामासाठी. टांगलेली दोरी उलटी केली की फक्त दाब घेणारी कमान मिळते. १९१४ मध्ये काम थांबलं, म्हणून वरचं चर्च झालंच नाही.

ओला_पाव

जेवणाचं उत्तर: दुपारी जेवा. कामाच्या दिवशी साधारण १ ते ४ या वेळात बहुतेक हॉटेलांत मेनू देल दिया मिळतो: पहिली डिश, दुसरी डिश, गोड किंवा कॉफी, सोबत पाव आणि पेय, सगळं ठरलेल्या एका किमतीत. दुसरी डिश बहुधा मांसाची किंवा माशाची असते, म्हणून ‘दोस प्रिमेरोस’ मागा, म्हणजे पहिल्या यादीतल्या दोन. बरीच हॉटेलं देतात. चारनंतर स्वयंपाकघर बंद होतं, ते थेट साडेआठच्या सुमारास उघडतं.

फसगत अशी होते: ‘मांस नको’ म्हटलं तरी हॅम येऊ शकतं, कारण अनेकांच्या लेखी ते मांसात धरत नाहीत. कार्ने (मांस), पेस्कादो (मासे), हामोन (हॅम) ही तिन्ही नावं घेऊन नाही म्हणा. साध्या सॅलडवर ट्यूना असतो. भाज्यांचा पाएया (तिथला भाताचा पदार्थ) पुष्कळदा माशांच्या स्टॉकमध्ये शिजवतात. बिकिनी नावाचं सँडविच हॅम-चीजचं असतं. एन्साइमादा या गोड पावात डुकराची चरबी असते.

बिनधास्त खाण्यासारखं: एस्कालिवादा (भाजलेलं वांगं, लाल मिरची, कांदा, आपल्या भरताचा चुलतभाऊ, फक्त न कुस्करता लांब पट्ट्या काढून वर ऑलिव्ह तेल), बटाट्याचं आमलेट, मनुका-पाइननट घातलेला पालक (वर हॅम नाही ना, ते विचारून), आणि जानेवारी ते मार्च काल्सोट, म्हणजे जाळावर काळे केलेले लांब पातीकांदे. वरचं करपलेलं साल ओढून काढायचं आणि बदाम-हेझलनटच्या सॉसमध्ये बुडवायचं.

निळी_खिडकी

दोघांचेही मनापासून आभार. फुकट बघता येण्यासारखं काही? आणि खोलीवर रोज करता येईल असा एखादा तिथला पदार्थ?

घडीव_दगड

महिन्याच्या पहिल्या रविवारी पालाउ ग्वेल (गौदीनं बांधलेला वाडा) आणि सांत पाउ या जुन्या रुग्णालयाची इमारत बघायला मोफत असतात, पण आधी ऑनलाइन जागा धरा. सप्टेंबरात २४ तारखेच्या आसपास ला मेर्सेचा उत्सव असतो, तेव्हाही अनेक इमारती खुल्या असतात. ऑक्टोबरच्या ओपन हाऊसमध्ये तर एरवी बंद असलेल्या इमारतीही आतून बघता येतात. प्रवासाला तिशीच्या आतल्यांसाठी ९० दिवसांचा टी-जोवे पास घ्या. १० फेऱ्यांचा टी-कॅज्युअल विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवर चालत नाही. मेट्रोत फोन मागच्या खिशात ठेवू नका.

ओला_पाव

पा आम्ब तोमाकेत, म्हणजे टोमॅटो घासलेला पाव. कडक सालीच्या पावाच्या दोन फोडी नीट भाजा. मऊ पाव लगेच भिजून फाटतो. त्यावर लसणाची पाकळी एकदाच घासा, मग टोमॅटो आडवा कापून साल हातात राहीपर्यंत घासा, मग मीठ आणि सर्वांत शेवटी तेल. तेल आधी घातलंत तर टोमॅटो पावात मुरत नाही. बाजारात ‘तोमाकेत दे पेंजार’ मागा, त्याचा गर रसाळ असतो. सांता कातेरिना मंडईतून घेतलात तर २००५ चं तिथलं रंगीत छप्परही बघा: चिनीमातीचे ३,२५,००० षटकोनी तुकडे, ६७ रंग. रविवारी मंडई बंद असते.