सहा जण, १४ किलोमीटर, ९०० मीटर चढ: निघायचं कधी आणि सॅकमध्ये काय हवंच?

पायवाट
आम्ही सहा जण डोंगरावर जाणार आहोत, त्यातले दोघं अगदी नवखे. जाऊन-येऊन १४ किलोमीटर, चढ ९०० मीटर, परतीची वाट तीच. वरचा भाग चांगलाच खडा आहे. अंधार साधारण ६.१५ला पडतो. ॲप ४ तास २० मिनिटं दाखवतंय. मग ११ला निघालं तर चालेल ना? सामानाच्या याद्या पुष्कळ वाचल्या, पण कुठली वस्तू कशासाठी हे कोणी नीट सांगत नाही.

उतारवाट
११ला निघू नका. ॲपचा तो आकडा नेस्मिथच्या नियमातून आलेला दिसतोय. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२मध्ये मांडलेला नियम असा: सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. त्यात विश्रांती नाही, नवखे नाहीत, घसरडा उतारही नाही. तो सरावलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा वेळ आहे.

तुमच्यासाठी ताशी ४ किलोमीटर धरा. वर जाताना ७ किलोमीटरला पावणेदोन तास, चढाचा दीड तास, थांबण्याची ३० मिनिटं. झाले पावणेचार तास. उतरताना पुन्हा पावणेदोन तास. खड्या उतारावर दर ३०० मीटरला १० मिनिटं जास्त लागतात, म्हणून वर अर्धा तास आणि थांबण्याची २० मिनिटं. म्हणजे २ तास ३५ मिनिटं.

आता खरा प्रश्न: परत कधी फिरायचं? कुणाचा पाय मुरगळला तर उतरायला सहज दुप्पट वेळ जातो, म्हणजे ५ तास १० मिनिटं. दुपारी १ला फिरलात तर अशा अवस्थेतही ६.१०ला खाली पोचता. म्हणून १ ही परत फिरण्याची वेळ, माथा पाच मिनिटांवर दिसत असला तरी. सकाळी ८ला निघालात तर पावणेबारापर्यंत वर असाल आणि सव्वा तास हाताशी राहील. ही वेळ निघण्यापूर्वी सहाही जणांना सांगून ठेवा. वर गेल्यावर ठरवायला बसलं की "आलोच आहोत तर" हे वाक्य हमखास येतं आणि दमलेल्या माणसाला ते पटतंही.

वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. पुढे एक आणि सगळ्यात मागे एक असे दोन अनुभवी ठेवा. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि शेवटचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. पाणी माणशी २ लिटर पुरे.

दगडगोटा
सॅकआधी बूट. ते तीन-चार वर्षं कपाटात पडून असतील तर आजच काढून बघा. वापरले नाहीत म्हणजे चांगले राहिले, असं नसतं. सोलच्या मधल्या थरातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने कुजतं आणि तुकड्यातुकड्याने सुटतं. टाचेच्या वरच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा, मग बूट हातात धरून पुढून वाकवा. बारीक भेगा दिसल्या, नखाखाली भुगा आला किंवा सोलची कड किंचित उचलली गेली, तर ते बूट डोंगरावर नेऊ नका. वरून ठीक दिसणारा सोल अर्ध्या तासात लोंबायला लागतो. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर ती बुटाच्या टोकावर आपटून काळी पडतात.

हेडटॉर्च प्रत्येकाकडे हवा. फोनचा टॉर्च त्याची जागा घेऊ शकत नाही. खड्या उतारावर दोन्ही हात मोकळे लागतात, शिवाय मदत मागायला लागणारी बॅटरी त्यातच संपते. सॅकमध्ये बटण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून एक सेल उलटा घालून ठेवा.

कपडे सुती नकोत. सुती कापड घाम आणि पाऊस धरून ठेवतं, लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतं. उंचीनुसार तापमान दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा वेगळाच. एक कोरडा गरम थर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवा, वर पावसाळी जॅकेट.

झरा
दोन लिटरशी सहमत नाही. तासाला अर्धा लिटर हा साधा अंदाज. तुमचे सव्वासहा तास होतात, म्हणजे माणशी ३ लिटर, ऊन असेल तर जास्त. वाटेतलं पाणी उकळल्याशिवाय किंवा शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका. पण तहान नसताना नुसतं पाणी ढोसणंही वाईट. रक्तातलं सोडियम उतरतं आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होतो. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाजतात. सोबत खारट खाणं ठेवा आणि थोडं थोडं खात राहा.

उतारवाट
बरोबर, ३ लिटरच धरा. माझा आकडा कमीच होता.

पायवाट
८ला निघतो, १ला फिरतो. रेंज नसताना कोणी जखमी झालं तर? आणि विजा चमकायला लागल्या तर?

झरा
जखमी माणसाला आधी जमिनीपासून वेगळं करा. सॅक, दोर, जे असेल ते खाली घाला, कारण थंडी खालून चढते. गरम थर चढवा. बोलणं जड होणं, पाय अडखळणं, चिडचिड ही शरीर गार पडत चालल्याची खूण आहे. कुडकुडणं थांबलं आणि माणूस अजून गारच आहे, तर तो सावरत नाहीये, प्रकृती ढासळतेय.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात असू द्या. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. उत्तर आलं तरी वाजवणं थांबवू नका, शोधणारे आवाजावरच येतात. बॅटरी टिकावी म्हणून फोन सकाळपासून फ्लाइट मोडवर ठेवा. मदत लागली की तो मोड काढून ११२ हा आपत्कालीन नंबर लावून बघा, आपल्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. फोन लागला नाही तरी मेसेज कधीकधी जातो. मदतीला दोघांना पाठवा, एकट्याला नाही, आणि ठिकाण, वेळ, जखम कागदावर लिहून द्या.

विजेबद्दल: चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. माथा आणि धार लगेच सोडा. एकटं झाड नको, कपारीचं तोंडही नको. एकमेकांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जाऊ नका, आणि त्यात १ वाजून गेला तर सरळ खालीच उतरा.

दगडगोटा
घरच्या एकाला कागद द्या: वाट कोणती, सहा नावं, गाडी कुठे लावली, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलवायची. तुमच्या गणिताने ती वेळ संध्याकाळी ७. खाली पोचल्यावर त्यांना फोन करायचं काम आधीच एकाच्या नावावर टाका. सगळ्यांनी करायचं ठरलं की कोणीच करत नाही.