ईव्हीएमवर नावांचा क्रम: चिठ्ठ्या काढून का ठरवत नाहीत?

मतदार_राजा: ईव्हीएमवर वरच्या नंबरचं नाव लगेच दिसतं, शेवटच्या अपक्षाला शोधावं लागतं, हे बरोबर नाही वाटत मला. नक्की ठरतं कसं हे?

वकीलसाहेब: १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ३८ बघा. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे आणि शेवटी अपक्ष, प्रत्येक गटात वर्णानुक्रम, आणि सगळ्यात खाली नोटा. म्हणजे अपक्षाचं नाव ‘अ’ने सुरू झालं तरी तो मान्यताप्राप्त पक्षाच्या ‘ह’वाल्याच्या खालीच. हे मला खरंच खटकतं, वर्णानुक्रम तरी सगळ्यांना एकच हवा ना.

सिडनीकर: आमच्याकडे ऑस्ट्रेलियात १९८४ पासून फेडरल (म्हणजे देशाच्या संसदेच्या) कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत मतपत्रिकेवरची जागा चिठ्ठीने ठरते, त्याआधी तिथे वर्णानुक्रमच होता. टास्मानिया राज्यात तर त्याहून भारी, तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रमाचे नंबर देतात आणि मतपत्रिका वेगवेगळ्या क्रमाने छापतात, त्यामुळे डोळे झाकून वरून खाली नंबर टाकणाऱ्यांची मतं सगळ्यांत वाटली जातात. रॉबसन रोटेशन म्हणतात.

बूथवाला: रोटेशन आपल्याकडे अवघड आहे हो, कारण मशीनवर मत बटणाच्या नंबरावर मोजतात, एका युनिटला १६ बटणं, प्रत्येक बूथवर क्रम बदलला तर मोजणीला गोंधळ होईल. पण मतदारसंघासाठी एकदाच चिठ्ठी काढायला काय हरकत आहे, आणि आजीबाई चिन्ह बघूनच बटण दाबतात हे खरं असलं तरी अपक्षाचं चिन्ह त्यांना माहीतच नसतं, मग जागेचा फटका त्यालाच जास्त बसतो.

मतदार_राजा: हेच म्हणायचं होतं मला. चिठ्ठीसाठी कलम ३८ बदलावं लागेल, खासदारांना पत्र लिहितोय.