आमदारांच्या कार्यालयातील अनुभवावर आंतरराष्ट्रीय संसदीय कामात जाता येईल का?

नमस्कार. मी इंदूरची, वय २८. राज्यशास्त्रात एम. ए. केल्यावर गेली चार वर्षे एका आमदारांच्या कार्यालयात संशोधनाचे काम करते आहे. तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) आणि ध्यानाकर्षण सूचना (महाराष्ट्रात यांनाच लक्षवेधी म्हणतात) तयार करणे हे माझे मुख्य काम. नळयोजनांविषयीच्या आमच्या एका प्रश्नाला 'जानकारी एकत्रित की जा रही है' एवढेच उत्तर आले, तेव्हा पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न एका विकासखंडापुरता (म्हणजे जिल्ह्यातल्या एका गटापुरता) आणि ठरावीक तारखांपुरता आवळून पुन्हा लावला आणि मग मात्र गाववार तक्ता मिळाला. अशा अर्धवट उत्तरांची मी एक वहीच ठेवली आहे.

हेच कौशल्य इतर देशांतील संसदांच्या समित्यांना आणि कर्मचाऱ्यांना शिकवणाऱ्या संस्थांत जावे, अशी इच्छा आहे. घरी विषय निघाला की सुमित्राताई महाजनांचे नाव निघते. पण आठ वेळा निवडून येऊन लोकसभेचे अध्यक्षपद भूषवणे हा रस्ता वेगळा, मला पडद्यामागेच राहायचे आहे.

अडचण अशी, की जाहिरातींत परदेशातील कामाचा अनुभव मागतात आणि तो मिळण्याची पहिली पायरी कुठे दिसत नाही. खासदारांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिप पंचविशीपर्यंतच असते, ती माझ्या हातून गेली. त्यात २०२५ मध्ये अमेरिकेने परकीय मदत गोठवल्यापासून त्या पैशावर चालणाऱ्या एनडीआय, आयआरआय यांसारख्या, इतर देशांत लोकशाही बळकट करण्याचे काम करणाऱ्या अमेरिकी संस्थांत मोठी कपात झाली, म्हणजे अनुभवी माणसेच आता माझ्यासोबत रांगेत आहेत. त्यामुळे माझे लक्ष जिनिव्हाच्या आंतर-संसदीय संघाकडे, लंडनच्या वेस्टमिन्स्टर फाउंडेशन फॉर डेमोक्रसीकडे आणि भारत ज्याचा संस्थापक सदस्य आहे त्या स्टॉकहोमच्या इंटरनॅशनल आयडिया या लोकशाहीविषयक आंतरसरकारी संस्थेकडे आहे.

या क्षेत्रात असलेल्यांना विचारायचे आहे: कर्ज काढून परदेशात दुसरी पदव्युत्तर पदवी घ्यावी, की तोच वेळ फ्रेंच शिकण्यात आणि नेपाळ-श्रीलंकेतील एखाद्या अल्पमुदतीच्या प्रकल्पात घालवावा? माझा स्वतःचा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे. राज्य विधानसभेतील काम अर्जात कसे मांडावे, जेणेकरून ते निव्वळ 'राजकीय कार्यकर्ती' असे वाचले जाणार नाही? प्रश्न, मिळालेले उत्तर आणि त्यानंतर प्रत्यक्ष झालेली कार्यवाही असा दोन पानी नमुना सोबत जोडला तर कोणी वाचते का? आमदारांच्या पक्षाचे नाव अर्जात लिहावे की टाळावे, हेही कृपया सांगावे.