कोटेशनमधील मापांत आपोआप शिरणारे बॅकस्लॅश कसे थांबवावेत?

प्रश्न (अंबड, नाशिक)
अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या ग्रिल फॅब्रिकेशनच्या कारखान्यासाठी मी पीएचपीमध्ये कोटेशनचा फॉर्म लिहिला असून त्यात खिडक्यांची मापे ४' ६" अशी भरली जातात. माहिती जतन करणारे पान पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची सोय) प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर, म्हणजे क्वेरी आणि तीत भरायचा मजकूर वेगवेगळे पाठवण्याच्या पद्धतीवर आणल्यापासून हेच माप ४\' ६\" असे साठते, तेच कोटेशन दुरुस्तीसाठी उघडून पुन्हा जतन केले की प्रत्येक ठिकाणी एका बॅकस्लॅशचे ३ होतात, त्यानंतर ७. होस्टिंग शेअर्ड आहे, पीएचपी ५.३ आहे. हे बंद करण्यासाठी इनी_सेट (कोडमधूनच पीएचपीचे सेटिंग बदलणारे फंक्शन) वापरले, त्याचा उपयोग झाला नाही, आणि डॉट एचटीॲक्सेस या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये पीएचपी_फ्लॅगची ओळ घातल्यावर सगळी साइटच ५०० क्रमांकाची एरर दाखवू लागली.

उत्तर (नाशिक रोड)
आपले नवे पान बरोबर आहे. जुने पान योगायोगाने चालत होते. सर्व्हरवर मॅजिक कोट्स ही पीएचपीची जुनी सोय चालू असल्याने फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आणि बॅकस्लॅशआधीही एक बॅकस्लॅश घातला जातो. पूर्वी मजकूर थेट क्वेरीत जोडला जात असे, तेव्हा डेटाबेस तो बॅकस्लॅश गिळून टाकत होता. प्रिपेअर्ड स्टेटमेंट मात्र हाती आलेले जसेच्या तसे साठवते. इनी_सेटची ओळ चालण्यापूर्वीच मजकूर बदललेला असतो, म्हणून ती निरुपयोगी ठरते. पीएचपी_फ्लॅग फक्त मॉड_पीएचपीत, म्हणजे पीएचपी वेब सर्व्हरच्या आतच चालत असेल तेव्हा चालते, त्यामुळे आपल्याकडे बहुधा सीजीआय किंवा फास्टसीजीआय (पीएचपी सर्व्हरबाहेर वेगळे चालवण्याच्या पद्धती) असावे. तसे असेल तर ५.३ पासून डॉट यूजर डॉट आयएनआय ही फाइल चालते; तीत मॅजिक_कोट्स_जीपीसी ऑफ करावे. ही फाइल साधारणपणे ३०० सेकंदांनीच पुन्हा वाचली जाते, तेव्हा लगेच फरक दिसला नाही म्हणून घाईने दुसरे काही बदलू नये.

उत्तर (पंचवटी)
मॅजिक कोट्स बंद करणारी ती ओळ घालण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. फॉर्ममधील मजकूर थेट क्वेरीत जोडणारी इतर पाने शिल्लक असतील, तर त्यांचे मोडकेतोडके संरक्षण या मॅजिक कोट्सवरच उभे आहे. ते काढताच ती पाने एसक्यूएल इंजेक्शनला, म्हणजे फॉर्ममधून क्वेरीत घातपाती आज्ञा घुसवण्याला, उघडी पडतील. आधी ती पाने पीडीओवर आणावीत, मगच बंद करावे. खरे तर ही सोय ५.३ मध्येच कालबाह्य ठरवली गेली आणि २०१२ साली ५.४ मधून काढून टाकली गेली, त्यामुळे कंट्रोल पॅनेलमध्ये नवी आवृत्ती निवडता येत असेल तर तोच सरळ मार्ग. साठलेल्या मापांत खरा बॅकस्लॅश कधीच नसतो, म्हणून बॅकअप घेऊन त्या रकान्यातील सगळे बॅकस्लॅश खुशाल काढून टाकावेत. पत्त्यांच्या रकान्यात मात्र डोळ्यांनी तपासूनच हात घालावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. चलान शोधण्याचे एक पान तसेच राहिले होते, ते आधी बदलले. मग ओळ घातली आणि मापे स्वच्छ साठू लागली. मात्र वर्डप्रेसमधील चौकशीच्या फॉर्मसाठी मी लिहिलेल्या प्लगइनमध्ये बॅकस्लॅश अजून येतात.

उत्तर (नाशिक रोड)
ते वर्डप्रेस स्वतः घालते, सर्व्हरवरील सेटिंग काहीही असो आणि पीएचपी कितीही नवे असो. तेथे मजकूर वापरण्यापूर्वी एकदाच डब्ल्यूपी_अनस्लॅश हे वर्डप्रेसचे बॅकस्लॅश काढणारे फंक्शन लावावे. एका चौकशीत अनेक मापे ॲरे (यादी) म्हणून येत असतील तरी ते चालते. पीएचपीचे साधे स्ट्रिपस्लॅशेस ॲरेवर चालणार नाही.