अर्धं भरलेलं कार्ड, अर्धवट सोडलेली ऑर्डर: गिऱ्हाईक परत कशाने येतं?

चटणीवाली

नमस्कार मंडळी. घरगुती चटण्या, लोणची आणि भाजणी विकते. शनिवार-रविवार स्टॉल असतो, शिवाय स्वतःची वेबसाइट आहे. दोन गोष्टी ठरवायच्या आहेत.

स्टॉलवर शिक्क्यांचं कार्ड सुरू करायचंय: दहा खरेद्यांवर २०० ग्रॅमची एक बरणी फुकट. एक खरेदी साधारण १५० रुपयांची. हे कार्ड नेमकं कसं आखावं?

दुसरं वेबसाइटचं. बरेच जण टोपलीत माल टाकतात आणि पैसे न भरता निघून जातात. अर्धवट राहिलेलं काम पुऱ्या झालेल्या कामाच्या जवळजवळ दुप्पट लक्षात राहतं, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तसं असेल तर अशा लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसाला तीन वेळा आठवण करून द्यावी का?

पाटीपेन्सिल

ताई, आधी त्या "दुप्पट"बद्दल, कारण तुमचे तीन मेसेज त्याच्यावरच उभे आहेत.

मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करत होत्या. त्यांचा निबंध १९२७ चा. लोकांना कोडी, मातीकाम, पुठ्ठ्याची खोकी अशी वीसेक छोटी कामं दिली आणि त्यातली निम्मी मध्येच थांबवली. नंतर काय काय आठवतं ते विचारलं, तर अर्धवट राहिलेली कामं १.९ पट जास्त आठवली. दुप्पट आली ती इथून. पण पुढे इतरांनी हाच प्रयोग केला तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत, आणि २०२५ मध्ये हे सगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा आठवणीचा फायदा टिकला नाही.

टिकलं ते वेगळंच. त्याच प्रयोगशाळेतल्या मारिया ओव्हसियांकिना यांनी १९२८ मध्ये दाखवलं की काम मध्येच सोडायला लावलं, तर मोकळा वेळ मिळताच माणूस बक्षीस नसतानाही ते आपणहून पुन्हा हातात घेतो. त्या एकत्रित तपासणीत ही ओढ स्पष्ट दिसली.

तुमच्यासाठी हा फरक मोठा आहे. आठवण राहत असती तर ती जागी करायला मेसेज पुरला असता. राहते ती हात पुन्हा तिकडे वळण्याची ओढ, आणि हात वळेल तेव्हा काम जिथे सोडलं तिथेच सापडायला हवं. मेसेज एक पाठवा, पण परत येणाऱ्याला सगळं पहिल्यापासून भरायला लावू नका. गिऱ्हाइकाच्या मनातली रुखरुख त्याची स्वतःची असते. दिवसाला तीन मेसेज आले की तिचा तगादा होतो आणि माणूस थेट ब्लॉक करतो.

शिक्काशाई

कार्डाबद्दल लिहितो.

नुनेस आणि ड्रेझ यांचा २००६ चा प्रयोग तुमच्या कामाचा आहे. गाड्या धुण्याच्या एका ठिकाणी ३०० कार्डं वाटली. निम्म्यांवर ८ रिकामे खण होते. उरलेल्यांवर १० खण, पण त्यातल्या २ वर आधीच शिक्के. दोन्हीकडे धुलाया आठच. पहिल्या प्रकारची १९ टक्के कार्डं पुरी झाली, दुसऱ्या प्रकारची ३४ टक्के. कोऱ्या कार्डावर काम सुरूच झालेलं नसतं, त्यामुळे ते अर्धवट वाटत नाही.

पण दहा खरेद्या तुमच्या मालाला जास्त होतात. कार्डाची लांबी बरणी किती दिवसांत संपते त्यावर ठरते. २०० ग्रॅमची चटणी एका घरात दोन आठवडे चालते असं धरा. दहा खरेद्या म्हणजे वीस आठवडे, पाच महिने! शेवट दिसेनासा झाला की ओढ कसली राहणार? चहा-कॉफीच्या दुकानात दहा खण चालतात, कारण तिथे माणूस आठवड्यातून तीनदा येतो. तुम्ही ८ खण छापा आणि २ भरून द्या. खऱ्या खरेद्या सहा, म्हणजे साधारण तीन महिने. बक्षीस १०० ग्रॅमची बरणी ठेवा. माल, बरणी आणि लेबल धरून तुम्हाला ती ३० रुपयांना पडत असेल, तर ९०० रुपयांच्या विक्रीवर खर्च ३.३ टक्के.

ते दोन शिक्के छापखान्यातून छापून आणू नका. छापील शिक्का नक्षीसारखा दिसतो. गिऱ्हाइकासमोर हाताने मारा आणि कारण सांगा: "पहिल्या खरेदीचे दोन जास्तीचे." कारण न सांगता दिलेले शिक्के फसवे वाटतात. त्याच दिवशीच्या खरेदीचा तिसरा शिक्काही लगेच मारा, म्हणजे पहिल्याच दिवशी ८ पैकी ३ खण भरलेले घेऊन माणूस घरी जातो.

कागद चकचकीत किंवा लॅमिनेट केलेला नको. त्यावर शिक्क्याची शाई वाळत नाही, पाकिटात पुसली जाते आणि पुढच्या वेळी "इथे शिक्का होता" म्हणून वाद होतो. ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये) साधा, लेप नसलेला कागद घ्या. कार्ड व्हिजिटिंग कार्डाएवढंच ठेवा, मोठं झालं की घरी राहतं. खण १२ मिलिमीटरचे आणि शिक्का १० चा, म्हणजे कडेला तारीख लिहिता येते. बाजारातला तयार तारा किंवा हसरा चेहरा कोणीही विकत आणू शकतो, म्हणून शिक्का स्वतःच्या चित्राचा करून घ्या.

"एका खरेदीला एक शिक्का" असं लिहिलंत तर लोक ३०० चं बिल दोन भागांत करून मागतील. "दर १५० रुपयांना एक शिक्का" लिहा.

बक्षीस दिलं की येणं पुन्हा मंदावतं. किवेट्झ, उर्मिन्स्की आणि झेंग यांच्या २००६ च्या कॉफी-कार्डाच्या अभ्यासात हेच दिसलं होतं: शेवट जवळ येतो तसे लोक लवकर येतात, आणि नवीन कार्डावर पुन्हा सुरुवातीच्या चालीला लागतात. म्हणून फुकटची बरणी आणि दोन शिक्के मारलेलं पुढचं कार्ड एकाच वेळी हातात द्या.

जोडणीकार

वेबसाइटचं बघू. आठवण पाठवण्याआधी लोक कोणत्या पायरीवर गळतात ते काढा. पुष्कळदा कुरिअरचा खर्च शेवटच्या पानावर उघडतो आणि तिथे माणूस थांबतो. हे काम अर्धवट राहिलेलं नसतं, त्याने विचार करून नाही म्हटलेलं असतं, त्यामुळे तिथे मेसेजचा उपयोग नाही. मालाच्या पानावरच पिनकोड विचारा आणि खर्च दाखवा. किमतीचा भाग शेवटपर्यंत दडवणं हे ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांतल्या १३ गैरप्रकारांमध्ये मोडतं. खोटी घाई ("फक्त २ बरण्या उरल्या") आणि सारखा तगादा हेही त्याच यादीत आहेत.

दुसरी गळती यूपीआयची. गिऱ्हाईक पैसे भरायला दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातं, पैसे कापले जातात, पण ते ब्राउझरमध्ये परत येत नाही. तुमच्याकडे ऑर्डर "बाकी" दिसत राहते. अशा वेळी "पैसे भरा" असा मेसेज गेला तर ते दुसऱ्यांदा भरतील. ऑर्डर पक्की करणं गेटवेच्या (पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या) वेबहुकवर ठेवा, म्हणजे पैसे आल्याचा जो निरोप ती सेवा थेट तुमच्या सर्व्हरला पाठवते त्यावर; पान परत उघडण्यावर नको. आठवणीचा मेसेज सुटण्याच्या क्षणी गेटवेला स्थिती पुन्हा विचारा. पैसे कापले आणि तुमच्याकडे पोचल्याची खात्री आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत जायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला हे लिहून कळवा.

तिसरी गोष्ट सहसा कोणी तपासत नाही. इन्स्टाग्रामवरून आलेलं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामच्या आतल्याच ब्राउझरमध्ये टोपली भरतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा दुवा मात्र क्रोममध्ये उघडतो आणि तिथे टोपली रिकामी! म्हणून टोपली सर्व्हरवर जपा आणि दुव्यात तिचा खास क्रमांक घाला. दुवा पुढे पाठवला जाऊ शकतो, तेव्हा त्यावर पूर्ण पत्ता आणि फोन दाखवू नका, पिनकोड पुरे.

पहिली आठवण तासाभराने, दुसरी दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास, मग थांबा. मजकुरात काय झालंय आणि काय उरलंय ते नेमकं असू द्या:

"तीळ-लसूण चटणी, २०० ग्रॅम, २ बरण्या. पत्ता भरून झाला आहे. फक्त पैसे भरायचे राहिलेत: कुरिअर धरून ३८० रुपये. नको असल्यास 'नको' लिहा."

पैसे आले किंवा "नको" आलं की दुसरी आठवण रांगेतून रद्द व्हायला हवी. आणि व्हॉट्सअ‍ॅपसाठी संमतीचा चौकोन रिकामा ठेवा, गिऱ्हाइकाला स्वतः खूण करू द्या.

चटणीवाली

मनापासून आभार. आठ खणांचंच कार्ड करते. मुदत किती ठेवू? आणि कार्ड हरवलं तर?

शिक्काशाई

तीन महिन्यांत भरणाऱ्या कार्डाला सहा महिने द्या, आणि तारीख पहिल्या शिक्क्याच्या दिवसापासून मोजा. सगळ्या कार्डांवर एकच छापील तारीख घातली तर उशिरा आलेल्याला वेळच मिळत नाही. हरवलेल्यांसाठी गल्ल्याजवळ एक वही ठेवा: कार्डाचा क्रमांक, नाव, शिक्क्यांची संख्या. नवीन कार्ड देताना जुने शिक्के तेवढेच मारून द्या. पाच शिक्के झालेल्या माणसाला कोरं कार्ड दिलंत तर तो पुन्हा कार्ड मागत नाही.