सुदानच्या भुकेल्यांचं आपण काही देणं लागतो का?

देवगडकर: हापूसचे पैसे आले की गावच्या शाळेला तांदूळ देतो. यंदा मनातून सुदान जात नाही. ऑगस्ट २०२४मध्ये दारफूर भागातल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. तिथे पावसापेक्षा युद्धाने आणि अडवलेल्या मदतीने माणसं उपाशी मारली. घरचे म्हणतात, आधी आपली माणसं. मला पटत नाही. लेकरू कुठलंही असो, उपाशी आहे ना?

वेंगुर्ल्याची ताई: दादा, घरचे अगदीच चुकीचे नाहीत. शेजारची चूल पेटली नाही तर ते आपल्यालाच कळतं, तिकडे सुदानच्या राजधानीला, खार्टूमला नाही.

गुहागरचे काका: ताई, १९६५-६६च्या दुष्काळात पीएल-४८० या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा गहू बोटींनी मुंबईला उतरायचा. शाळकरी वयात रेशनच्या रांगेत उभं राहून तो आणलाय मी. त्यात अमेरिकेचं राजकारण होतंच, ते मला नंतर कळलं. पण पोटात गेला तो गहूच. आपण घेतलंय, तर द्यायलाही हवं.

देवगडकर: काका, पटलं. शाळेचा तांदूळ कमी करणार नाही. सुदानसाठी संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला पैसेच पाठवेन, इथून पोती धाडण्यात भाडंच जास्त. भारतातून कुणी पाठवलेत का?